जागा दाखवण्याचं शास्त्र

आवडती तबकडी किंवा आवडता चित्रपट आपण दुसऱ्याला देतो, तेव्हा नेमकं काय देतो? 'संगीत देतो' हे उत्तर सोपं आहे, पण टिकत नाही. संगीत दुकानात मिळत होतं, रेडिओवर फुकट मिळत होतं, आता तर खिशातल्या फोनवर वाट्टेल तेवढं पडलेलं आहे. तरीही एक रसिक दुसऱ्याला 'हे ऐकच' म्हणायचा थांबत नाही. म्हणजे जे हातबदल होतं ते तबकडीहून वेगळं आणि बहुधा तिच्याहून लहान असलं पाहिजे. गाणं ऐकणाऱ्यांच्या बोलीत त्याला शब्द आहे : जागा.

माझं म्हणणं असं, की रसिक एकमेकांना वस्तू देताना दिसतात, पण खरं तर ते जागा दाखवत असतात. ती कशी दाखवता येईल हे प्रत्येक काळात वस्तूच्या घडणीनं ठरवलं आहे. विवेचन हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्या महाराष्ट्रातल्या मंडळींपुरतं ठेवतो, कारण मी त्यांच्यातलाच आहे.

जागेची व्याख्या

एखादी हरकत, तानेचं अनपेक्षित वळण, समेवर यायची एखादी तऱ्हा, जिथे ऐकणाऱ्याची मान आपोआप हलते, तिला आपण जागा म्हणतो. व्यवहारात एवढं पुरतं. शास्त्राला पुरत नाही, कारण त्यावरून जागा म्हणजे गाण्याचा कापून काढता येण्याजोगा तुकडा आहे असा समज होतो.

मारवा घ्या. या रागात पंचम वर्ज्य, रिषभ कोमल, मध्यम तीव्र. सगळा भार रिषभ आणि धैवत यांच्यावर. एरवी ज्याला गाण्याचं घर म्हणावं तो षड्ज इथे टाळला जातो, पुढे ढकलला जातो. अमीर खाँसाहेबांची १९६० च्या सुमाराची एलपी अनेकांच्या घरी होती. एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. त्या मारव्यात खाँसाहेब मंद्रात षड्जाच्या आजूबाजूला फिरत राहतात, उंबऱ्यापर्यंत येतात आणि परत वळतात. मग केव्हातरी सा लागतो, आणि ऐकणाऱ्याला कळतं की आपण इतका वेळ श्वास धरून बसलो होतो. ही जागा. आता तो सा तेवढाच कापून कुणाला ऐकवा. तो नुसता सा आहे, गाण्याच्या क्लासातली पहिल्या वर्षाची मुलंही लावतात तो.

तेव्हा जागेला दोन अंगं आहेत : एक पत्ता आणि दुसरी तिथवरची वाट. देणारा बहुतेक वेळा पत्ता देतो आणि घेणारा वाट चालेल अशी आशा करतो.

देण्याचे प्रकार

सगळ्यात जुना प्रकार उसनवारीचा. ७८ गतीची दहा इंची तबकडी लाखेची, हातातून निसटली की संपली. एका बाजूला तीनेक मिनिटं गाणं. पोलादी सुई दर बाजूला नवी लावायची, नाहीतर खाचा झिजतात. त्यामुळे तबकडी देणारा आधी सुईची शपथ घालायचा. या काळात जागा दाखवणं सोपं होतं, हे फारसं कुणी लक्षात घेत नाही. तीन मिनिटांत पत्ता आणि वाट दोन्ही मावतात. तबकडी लावली की जागा येणारच, आणि चुकली तर पुन्हा लावायला वेळ तो किती लागतो!

एक टोकाचं उदाहरण इथेच नोंदवतो. दुकानात वाजणारी अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीची तबकडी ऐकून आपल्याला गाण्याचं वेड लागलं, ही भीमसेन जोशींची आठवण प्रसिद्ध आहे. दुकानदार तबकड्या विकत होता. आपण कुणाला काही दिलं हे त्याच्या गावीही नसेल. शास्त्राच्या दृष्टीनं हेही देणंच, फक्त देणाऱ्याशिवायचं.

दुसरा प्रकार नुसत्या शिफारशीचा. रेडिओवरच्या फर्माइशी कार्यक्रमांनी तो सार्वजनिक केला, आणि त्यातून झुमरी तलैया हे नाव देशभर पोचलं. तिथल्या पत्रलेखकांना गाणं ऐकायचं होतं की गाण्याआधी स्वतःचं नाव, हा वाद निकाली निघायचा नाही. मला दुसरं कारण जास्त पटतं, आणि त्यात काही वावगं वाटत नाही. 'मला हे आवडतं' यातला 'मला' कुणालाच वगळता येत नाही.

शिफारशीचं सर्वांत लांब पोचलेलं उदाहरण मात्र गोव्यातल्या केरी गावच्या गायिका केसरबाईंचं. १९७७ साली व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी बसवायची ठरली. तीत जगभरचे २७ संगीतखंड घ्यायचे होते. कार्ल सेगन यांच्या मंडळीला केसरबाईंची भैरवी सुचवली ती रॉबर्ट ब्राउन या संगीत-अभ्यासकानं. सुचवणं सोपं होतं, तबकडी मिळेना. शेवटी न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात, न उघडलेल्या तीन प्रती सापडल्या. ध्वनिमुद्रण देण्याबाबत हात आखडता घेणाऱ्या बाईंचं साडेतीन मिनिटांच्या आसपासचं गाणं असं सूर्यमालेबाहेर निघालं. पहिलं यान २० ऑगस्टला सुटलं, दुसरं ५ सप्टेंबरला. १६ सप्टेंबरला बाई गेल्या. त्या तबकडीबरोबर ती वाजवायची कृती चित्रांत कोरून दिली आहे आणि सुईसुद्धा दिली आहे. जुन्या उसनवारीचा नियम तिथेही पाळला गेला. घेणाऱ्याला कान असतील का आणि भैरवी मैफलीच्या शेवटी असते हे कळायला आधीची मैफल कुठून आणायची, हे प्रश्न अर्थात उरतात.

तिसरा प्रकार बैठकीचा : चार माणसं, एक यंत्र, चहा. मुंबईत १९९० साली जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांनी 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था काढली, तिच्या श्रवणसभा याच जातीच्या. इथे देणारा जागा येताना घेणाऱ्याच्या तोंडाकडे बघत असतो. गाणं त्याला पाठ आहे. आता त्याला ऐकायची आहे ती समोरच्याची 'वा'. या प्रकारात एकच मोठा दोष संभवतो. जागा यायच्या आधी दोन सेकंद देणाऱ्याचा हात वर जातो, 'आता ऐक हं!' म्हणून. झालं. समोरचा उंबऱ्यावरच थबकतो आणि सा येतो तेव्हा त्याला धक्का बसण्याऐवजी परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. दोन सेकंद गप्प बसणं ही फार अवघड साधना आहे. मला ती अजून जमलेली नाही.

प्रतीचा प्रश्न

चौथा प्रकार प्रतीचा, आणि सगळा गुंता इथे आहे. स्पूलवर घरगुती ध्वनिमुद्रणं आधीपासून होत होती, पण प्रत घरोघरी आली ती कॅसेटमुळे. फिलिप्सनं ती १९६३ मध्ये आणली. आपल्याकडे सत्तरीच्या शेवटी आखातातून येणाऱ्यांच्या सामानातल्या टू-इन-वननं ती पसरवली. गल्लीतल्या दुकानात गाण्यांची यादी द्यायची आणि कॅसेट भरून घ्यायची. साठ मिनिटांची की नव्वद, एवढंच दुकानदार विचारायचा.

मार्सेल मॉस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं १९२५ मध्ये भेटवस्तूंवर दीर्घ निबंध लिहिला. देणं, स्वीकारणं आणि परतफेड करणं ही तिन्ही बंधनं आहेत, असं त्याचं प्रतिपादन. रसिकांना ते लागू पडतं, पण थोडं वाकवून. प्रत देताना देणाऱ्याचं काहीच कमी होत नाही, मूळ त्याच्याकडेच राहतं. मग परतफेड कशाची? अभिप्रायाची. 'ऐकलीस का?' हा प्रश्न आठ दिवसांनी येतोच, आणि 'छान आहे' हे उत्तर म्हणजे खोटं नाणं. तिसऱ्या आवर्तनातली ती तान, असं काही म्हणालात तर कर्ज फिटलं, वर पुढची कॅसेट मिळाली.

पण ज्याचं काही जात नाही ते द्यायला माणसं इतकी का कचरत? खाजगी मैफलींच्या कॅसेटी ज्यांच्याकडे होत्या ते 'पुढे कुणाला देऊ नकोस' असं बजावून देत, किंवा अदलाबदलीशिवाय देतच नसत. याला कंजूषपणा म्हणून मोकळं होणं बरोबर नाही. एक कारण गायकाच्या बाजूचं आहे : चोरून भरलेली मैफल असेल, तर अप्रचलित रागाची किंवा घराण्याच्या ठेवणीतल्या बंदिशीची ती गळती होती, आणि कलावंताला त्यातून दमडी मिळत नव्हती. दुसरं कारण संग्राहकाच्या बाजूचं. त्याचं मोल कॅसेटीत नव्हतं, 'ते फक्त त्यांच्याकडे आहे' या वाक्यात होतं. प्रत दिली की ते वाक्य अर्धं होतं. म्हणजे वस्तू कमी होत नाही, पण देणारा कमी होतो.

आता एक जवळून पाहिलेली गोष्ट. आमच्या शेजारी पोस्टातून निवृत्त झालेले एक काका राहायचे. वर सांगितलेला मारवा मला त्यांनी नव्वदच्या कॅसेटवर भरून दिला. कार्डावर बॉलपेननं राग, गायक आणि खाली एक आकडा : २१४. "दोनशे चौदावर बघ काय होतं ते. पण पुढं पळवत जाऊ नकोस, सांगून ठेवतो." त्यांनी कॅसेटच्या पाठीवरच्या दोन्ही चकत्या मोडून ठेवल्या होत्या, म्हणजे तीवर चुकून दुसरं काही भरलं जाणार नाही. मी घरी येऊन आधी पुढं पळवलं, हे सांगायला नको. दोनशे चौदावर काहीही नव्हतं. टेपरेकॉर्डरचा काउंटर वेळ मोजत नाही, रिळाचे फेरे मोजतो, आणि प्रत्येक कंपनीच्या यंत्रात त्याचं गणित वेगळं. काकांचे दोनशे चौदा माझ्या यंत्रावर कुठे येतात हे कळायचा उपाय एकच, सुरुवातीपासून ऐकणं. सदोष पत्त्यानं मला वाट चालायला लावली.

आजचा दुवा याच्या बरोबर उलट आहे. बारा मिनिटं चाळीस सेकंद म्हटलं की बोट तिथेच उतरतं, कुठल्याही फोनवर. पत्ता बिनचूक झाला आणि वाट वगळता येऊ लागली. तंत्रज्ञानाला दोष देण्याची मला हौस नाही. अप्राप्य ध्वनिमुद्रणं आज कोल्हापुरातल्या आणि कॅनडातल्या श्रोत्याला एकाच वेळी मिळतात, ही साधी गोष्ट नव्हे. पण ख्यालातली जागा पाठवायची असेल तर सेकंद सांगू नयेत, असं माझं मत झालं आहे.

चित्रपट दिला तर

संगीतवेड्यांच्या देवघेवीत चित्रपट येतात ते दोन वाटांनी. एक, गाण्यासाठी. 'बैजू बावरा' (१९५२) आमच्या मंडळीत फिरत राहिला तो अमीर खाँ आणि द. वि. पलुसकर यांच्या जुगलबंदीपायी. बाकीच्या कथेबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. ही खरं तर तबकडीचीच देवघेव, फक्त पडद्यावरची.

दुसरी वाट जास्त रोचक आहे. सत्यजित राय यांचा 'जलसाघर' (१९५८) घ्या. त्यात बेगम अख्तर गातात, रोशन कुमारी नाचतात, आणि कॅमेरा पुन्हा पुन्हा जातो तो ऐकणाऱ्या जमीनदाराकडे. बैठकीत देणारा जे चोरून पाहतो, ते ऐकणाऱ्याचं तोंड, इथे राजरोस समोर ठेवलं आहे. तबकडी गाणं देते; असा चित्रपट श्रोता देतो. म्हणूनच तो देणाऱ्याला 'मी असा ऐकतो' हे न बोलता सांगता येतं.

चैतन्य ताम्हाणेच्या 'द डिसायपल'मध्ये (२०२०) तर ध्वनिफितच पात्र होते. नायक रात्रीच्या रिकाम्या मुंबईत मोटारसायकल चालवत एका दिवंगत गुरूची भाषणं कानात ऐकत राहतो. तो आवाज सुमित्रा भावे यांचा. पुढे एक संग्राहक त्याला भेटतो, आणि ज्यांच्यावर या मुलानं आयुष्य रचलं त्यांच्याविषयी नको ते सहज बोलून जातो. ध्वनिमुद्रणाचा ताबा म्हणजे आठवणींचा ताबा, हे मी इतका वेळ शब्दांत सांगतो आहे. तो प्रसंग पाहिला तर माझ्या दोन परिच्छेदांची गरज पडू नये.

आणि 'कट्यार काळजात घुसली'. नाटक १९६७ चं, चित्रपट २०१५ चा. चित्रपट पाहून आलेल्या मुलांना घरोघरच्या मोठ्यांनी नाटकातले वसंतराव देशपांडे ऐकवले, बहुतेक ठिकाणी 'ते खरं, हे ठीक' अशा सुरात. माझा पुतण्याही त्यांतलाच. त्याला वसंतराव आवडले, मग तो आपणहून म्हणाला, "काका, अजून पाठव ना."

मी मारवा पाठवायचं ठरवलं. इथे एक अडचण होती. प्रतीवरून प्रत काढताना यंत्रांच्या वेगातला फरक साठत जातो. वेग सहा टक्क्यांनी उतरला की सूर अर्ध्या स्वरानं उतरतो, काळी एकचं गाणं पांढरी एकमध्ये येतं. काकांनी भरून दिलेला मारवा असाच उतरलेला होता, हे मला सीडी घेतल्यावर कळलं. सीडीतले खाँसाहेब मला कायम जरा घाईत वाटतात. शेवटी मी कॅसेटवरून उतरवलेली फाइलच पाठवली आणि सेकंद सांगितले नाहीत.

दोन दिवसांनी त्याचा निरोप आला : "ऐकला पूर्ण. सा लागतो तिथे मी थांबलोच. पण काका, याचा स्पीड जरा कमी आहे का?"