दगडावरचे माहेर : ठाणे-कल्याण परिसरातील पूर्वजशोधाविषयी

स्कॉटलंडमध्ये पूर्वजांचा शोध घेणारा मनुष्य प्रथम गावच्या चर्चचे आवार गाठतो आणि तेथून दप्तराकडे वळतो. त्याला तेथे जे सापडते त्यातील एक गोष्ट मराठी वाचकाला विशेष वाटेल. जुन्या स्कॉटिश थडग्यांवर विवाहित स्त्रीचे नाव बहुधा तिच्या माहेरच्या आडनावासह कोरलेले असते. १ जानेवारी १८५५ रोजी तेथे सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी सुरू झाली, तेव्हा मृत्यूच्या नोंदीत मृताच्या आईवडिलांची नावे, तीही आईच्या माहेरच्या आडनावासह, लिहिण्याचा दंडक पडला. त्यामुळे आजोबांइतकेच आजीच्या मागेही पिढ्यानपिढ्या चालत जाता येते. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या रहिवाशाने हाच शोध आरंभला तर तो कुठवर पोचेल, आणि कोणाच्या दिशेने त्याला वाट सापडणार नाही, हे पाहण्याचा येथे विचार आहे.

नोंदी वंशजांसाठी केलेल्या नसतात, हे आरंभीच ध्यानात घेतले पाहिजे. १८५५ पूर्वीच्या स्कॉटलंडमध्येही कित्येक दफनांचा पुरावा एवढाच उरतो, की शवपेटीवर घालायचे चर्चचे कापड अमुक दिवशी अमक्याने भाड्याने नेले आणि त्याचे पैसे जमा झाले. म्हणजे मनुष्य इतिहासात उरला तो हिशेबाच्या वहीमुळे.

ठाण्यातही असे दगड आणि अशा वह्या आहेत, पण त्या प्रथम परक्यांच्या आहेत. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला, पुढे येथे जिल्ह्याचे ठाणे झाले. येथील इंग्रजी चर्चचा विधिपूर्वक अभिषेक बिशप हेबर यांनी १८२५ मध्ये केला. मुंबई इलाख्यातील अशा चर्चांमधील बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदींच्या नकला लंडनला जात. इंडिया ऑफिसच्या दप्तरातील त्या नकला आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. सबब ठाण्यास तापाने गेलेल्या एखाद्या स्कॉटिश कारकुनाचा वंशज ठाणे न पाहताही त्याची तारीख काढू शकतो. त्याच दिवशी त्याच गावात वारलेल्या कोळ्याची किंवा कुणब्याची तशी सोय नाही.

दहन करणाऱ्या समाजाला थडगे नसते. राख पाण्यात जाते, जागा मोकळी होते. आपल्याकडे मृताच्या नावाने उभा केलेला दगड म्हणजे वीरगळ; पण मराठी मुलखातील बहुतेक वीरगळांवर अक्षर नाही. त्यावर लढाई आहे, शिवपूजा आहे, स्वर्गारोहण आहे; नाव नाही. सतीशिळेवर काकणांनी भरलेला हात दिसतो, त्या हाताचे नाव काय हे दगड सांगत नाही.

याला ठाण्यात दोन ठळक अपवाद आहेत. मासुंदा तलावाकाठचे सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च हे पोर्तुगीज अमलापासूनच्या कॅथलिक वस्तीचे केंद्र. मराठ्यांनी १७३७ मध्ये ठाणे जिंकल्यावरही ती वस्ती टिकली. कॅथलिक बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईबापांबरोबर धर्मपिता आणि धर्ममाता यांचीही नावे असतात, म्हणून एका नोंदीतून दोन-तीन घरे उलगडतात. दुसरा अपवाद बेने इस्राएलांचा. त्यांचे ठाण्यातील शाअर हशामाइम हे सिनेगॉग १८७९ चे. कोकणातील त्यांच्या थडग्यांवर हिब्रूच्या जोडीने मराठी मजकूर आढळतो, आणि पेणकर, नवगावकर अशा आडनावांतून मूळ गाव आपोआप समजते. मृत्यूनंतर मराठीत दगडावर नाव कोरून घेणारा आपल्यातील समाज कोणता, या प्रश्नाचे एक उत्तर हे आहे. मराठीच्या अभ्यासकांनी त्याची पुरेशी दखल घेतलेली दिसत नाही.

उरलेल्यांची भिस्त कागदावर. त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गाव आणि आडनाव यांच्या क्रमाने यजमानांच्या पिढ्या लिहिलेल्या असतात. जुना मजकूर मोडीत, पुष्कळदा यजमानाच्या स्वतःच्या अक्षरात. उत्तर कोकणातील घराण्यांसाठी वि. का. राजवाडे यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केलेली ‘महिकावतीची बखर’ आहे. कुळे, गोत्रे आणि वतने यांचा तपशील हा तिचा मोठा भाग. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कुलवृत्तांतांची लाट आली, पण ती मुख्यतः लिहित्यावाचत्या जातींपुरती राहिली. मग राहिले महसुली दप्तर, शाळेचे दाखलखारीज रजिस्टर आणि गावोगावचे ‘कोतवाल बुक’, म्हणजे जन्म-मृत्यूचा गाव नमुना १४. डोंबिवलीकराच्या बाबतीत आणखी एक अडचण अशी, की आजची डोंबिवली बव्हंशी विसाव्या शतकात बाहेरून आलेल्यांनी वसवली. तेव्हा त्याच्या शोधाची पहिली पायरी डोंबिवलीत नसून रत्नागिरी-साताऱ्याकडच्या एखाद्या तहसील कचेरीत असते. आणि ज्याच्या नावावर जमीन नव्हती, त्या वारली-कातकऱ्याचे नाव महसुली दप्तरात सापडणे आणखीच दुर्मीळ.

हा शोध केवळ हौसेचा विषय नव्हे, हे अलीकडे सर्वांनी पाहिले. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि १९६७ पूर्वीच्या कुणबी नोंदींसाठी राज्यभरची दप्तरे उघडली गेली. पन्नास लाखांहून अधिक नोंदी निघाल्या. मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. पणजोबांच्या नावापुढील एका शब्दावर पणतवाचे शिक्षण आणि नोकरी अवलंबून राहिली. त्या शब्दाचे राजकारण येथे बाजूला ठेवू. पण हा शोध ज्या वंशावळीवर चालला ती बापाकडूनच मोजली जाते, हे नोंदवले पाहिजे. आईच्या माहेरी शंभर नोंदी असल्या तरी त्या मुलाच्या कामी येत नाहीत.

येथे मूळ मुद्द्याशी येऊन पोचतो. मराठी दप्तराची भाषाच पाहा. पुरुष ‘रामजी बिन सखोजी’ असतो, स्त्री ‘गंगाबाई कोम रामजी’ किंवा ‘गंगाबाई भ्रतार रामजी’. ‘बिन’ने पुरुष बापाला जोडला जातो, ‘कोम’ने स्त्री नवऱ्याला. तिला बापाशी जोडणारा शब्द वापरायची वेळ दप्तरावर फारशी येत नाही. अनेक घरांत लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहून तिचे पाळण्यातले नावही बदलले जाई. एकाच बाईची दोन नावे, दोन आडनावे, दोन गावे, आणि त्यांना सांधणारा कागद नाही. कुलवृत्तांतात लेक ‘अमक्यांस दिली’ म्हणून बाहेर पडते आणि सून केवळ नव्या नावाने आत येते. दोन घराण्यांचे ग्रंथ शेजारी ठेवून वाचले तरच ती एकच बाई पुरी दिसते.

गंमत अशी की धर्मविधीला हे माहेर आठवते. महालयाच्या श्राद्धात बाप, आजा, पणजा यांच्यासह आई, आजी, पणजी यांची नावे घ्यावी लागतात, आणि आईचा बाप, आजा, पणजाही सपत्नीक, त्यांच्या गोत्रासह. म्हणजे ज्या घरात महालय नीट होत असे, त्या घरात आजोळच्या तीन पिढ्या दरवर्षी उच्चारल्या जात. पण या स्मृतीला कागद नव्हता. चौथी पिढी आली की जुने नाव गळून पडे. म्हणून ज्याला आजोळ शोधायचे आहे त्याने कचेरीत जाण्याआधी घरातील सर्वात वृद्ध माणसापाशी बसावे आणि पक्षात घेतली जाणारी नावे लिहून घ्यावीत. दप्तर जिथे अडते तिथे हा एकच साक्षीदार उरतो, आणि तो फार दिवस थांबत नाही.

महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव बंधनकारक केले. मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे, शेवटी आडनाव. शंभर वर्षांनी आजचे कोतवाल बुक उघडणाऱ्याला निदान आईचे नाव मिळेल. तिचे माहेर मात्र त्यात नसेल. स्कॉटलंडच्या एखाद्या खेड्यातील शेवाळलेल्या दगडाने जे सांभाळले, ते आपल्या नव्या नमुन्यातही अजून एक रकाना मागते आहे.