व्हिक्टोरियातील वणव्यांच्या पूर्वतयारीचा वारसा

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातील मूलनिवासी अनुकूल हवेत गवत व पाचोळा मंद आगीने जाळून वणव्याचे इंधन कमी करीत. वसाहतकाळात त्यांची भूमी हिरावली गेली आणि ही जाणती प्रथा बहुतेक ठिकाणी खंडित झाली. जानेवारी १९३९ मधील ‘ब्लॅक फ्रायडे’च्या वणव्यांत ७१ जण मृत्युमुखी पडल्यावर न्यायाधीश लिओनार्ड स्ट्रेटन यांच्या चौकशी आयोगाने नियंत्रित जाळणीचा, म्हणजे ठरवून लावलेल्या मर्यादित आगीचा, आणि लाकूडगिरण्यांजवळ भूमिगत आसऱ्यांचा आग्रह धरला; पुढे १९४० च्या दशकात ग्रामीण अग्निशमन प्राधिकरण स्थापन झाले. तरीही २००९ मधील वणव्यांत १७३ बळी गेले आणि त्यानंतर घर राखण्यापेक्षा वेळीच स्थलांतर करण्यावर, म्हणजेच मनुष्यजीवाच्या रक्षणावर, रास्तपणे अधिक भर दिला जाऊ लागला.