लॉकेटमध्ये फोटो कसा बसवायचा? मोबाइलवर माप, दुकानात प्रिंट

आजीचा एकच जुना फोटो घरात आहे आणि तो लॉकेटमध्ये हवाय? मग आधी एक नियम: मूळ फोटोला कात्री लावायची नाही. एकदा कापला की परत मिळत नाही. त्याची डिजिटल कॉपी करा आणि प्रिंट कापा.

१. माप घ्या
लॉकेटच्या आतल्या कडेवर पातळ कागद ठेवून पेन्सिल हलकेच घासा, आकार उमटेल. तो कापून लॉकेटमध्ये बसवून बघा. कागद फुगत असेल तर अजून थोडा कापा. नीट बसला की पट्टीने उंची-रुंदी मिलिमीटरमध्ये मोजा.

२. डिजिटल कॉपी
जुना फोटो शक्यतो ६०० डीपीआयवर स्कॅन करून घ्या. स्कॅनर नसेल तर गूगलचं फोटोस्कॅन अ‍ॅप वापरा, त्यात चकाकी कमी येते. फोटो धूसर वाटला तरी एआयने चेहरा ‘सुधारायची’ घाई करू नका. एआय नसलेले बारकावे स्वतः भरतं, मग चेहरा आजीचा वाटत नाही. आणि त्याची गरजही नसते: मूळ फोटोत चेहरा फक्त १ सेंमीचा असला, तरी ६०० डीपीआय स्कॅनमध्ये त्याचे सुमारे २३६ पिक्सेल मिळतात. २० मिमीच्या प्रिंटला तेवढे पुरतात.

३. मिमीचे पिक्सेल
३०० डीपीआय प्रिंटमध्ये १ मिमी म्हणजे सुमारे ११.८ पिक्सेल. म्हणजे २० × १६ मिमीचं लॉकेट असेल तर फोटो २३६ × १८९ पिक्सेलचा. बदामाच्या आकारात खालचं टोक निमुळतं असतं, म्हणून चेहरा थोडा वर ठेवा.

४. ४ × ६ ची शीट
कॅनव्हासारख्या अ‍ॅपमध्ये १८०० × १२०० पिक्सेलची आडवी शीट घ्या. ६ × ४ इंचाच्या प्रिंटचं हेच माप. त्यावर फोटोच्या तीन कॉपी ठेवा: बरोबर मापाची, अर्धा मिमी लहान, अर्धा मिमी मोठी. शेजारी ५९० पिक्सेलची एक सरळ रेघ काढा. कडेला थोडी जागा मोकळी सोडा, कारण बॉर्डरलेस प्रिंटमध्ये कडा कापल्या जातात.

५. प्रिंट
ठाणे, डोंबिवली, कल्याण स्टेशनबाहेर पासपोर्ट फोटो काढून देणारी दुकानं आहेतच. फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवलीत तर ती कॉम्प्रेस होते, म्हणून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. दुकानदाराला सांगा, “साइज बदलू नका, आहे तशीच काढा.” प्रिंट हातात आली की ती रेघ मोजा: ५० मिमी भरली तर माप बरोबर. ५१ भरली तर सगळंच २ टक्के मोठं आलंय, मग लहान कॉपी वापरा.

६. कापणं आणि बसवणं
नखं कापायच्या छोट्या कात्रीने, कात्री स्थिर ठेवून कागद फिरवत कापा. आधी रेषेच्या थोडं बाहेरून, मग बसवून बघत. पारदर्शक प्लास्टिकची चकती असेल तर ती फोटोवर ठेवा. चिकटवायला मागे ग्लू स्टिकचा ठिपका किंवा डबल साइड टेपचा तुकडा पुरे. इन्स्टंट ग्लू नको. त्याच्या वाफेने फोटोवर आणि प्लास्टिकवर पांढरा थर येतो.

पाणी आणि घाम
उघडणारं लॉकेट वॉटरप्रूफ नसतं. इंकजेट प्रिंटची शाई ओली झाली की पसरू शकते, म्हणून फोटो लॅबची प्रिंट बरी. आंघोळीला, पोहायला जाताना लॉकेट काढून ठेवा. पावसाळ्यात आणि लोकलच्या घामाघूम गर्दीनंतर ते उघडून कोरड्या कापडाने पुसा.

उरलेल्या कॉपी फेकू नका. शीटची फाइल ड्राइव्हवर ठेवा आणि घरच्यांनाही पाठवा. लॉकेट हरवलं तरी फोटो राहील.