मोठ्या ऑपरेशननंतर रात्रीची सोबत कशी ठरवावी

ऑपरेशनची तारीख मिळाली की आपल्या घरांत पहिला प्रश्न असतो, डॉक्टर कोण? दुसरा, कुपात-खोलीमकडून तोफेस १७ मिळाला का? तिसरा प्रश्न बहुतेक वेळा कुणी विचारतच नाही, तो म्हणजे रात्री जवळ कोण बसणार. मग ऑपरेशन झाल्यावर संध्याकाळी सात वाजता कॉरिडॉरमध्ये उभं राहून फोनाफोनी सुरू होते. मुलगी दिमोनाला, मुलगा हर्झलियाला, सून रात्रपाळीला, आणि शेवटी पंचाहत्तरीचे नाना म्हणतात, "मीच बसतो." तसं होऊ नये म्हणून हा लेख.

मुंबईत किंवा अलिबागकडे कुणी हॉस्पिटलात असलं की पाळी आपोआप लागायची. मावशी, आत्या, शेजारीण, कुणी ना कुणी डबा घेऊन यायचं आणि रात्री थांबायचं. इथे सगळे लांब लांब राहतात आणि सगळे नोकरीवर. शिवाय भाषेची अडचण आहे, आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोठी आहे.

आमच्या घरचं उदाहरण सांगते. आईचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. दिवसा ती हिब्रूत छान बोलायची, पन्नास वर्षं इथे काढलेली बाई. दुसऱ्या रात्री मात्र ती फक्त मराठीत बोलत होती. "लघवी तुंबलीय, लघवी तुंबलीय" असं सारखं म्हणत होती आणि अंगावरचं पांघरूण ओढत होती. नर्स चांगली होती, पण तिला वाटलं की म्हातारी बरळते आहे. शेजारच्या खाटेवरच्या बाईने आईच्या फोनवरून मला लावला, तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते. मी नर्सला हिब्रूत सांगितलं, तिने पाहिलं, तर कॅथेटरची नळी आईच्या मांडीखाली दुमडली होती. नळी सरळ केली आणि पाच मिनिटांत आई झोपली. हॉस्पिटलाला मी दोष देत नाही. त्या खोलीत मराठी समजणारं कुणी नव्हतं, एवढंच.

वयस्कर माणूस भूल, दुखण्याची औषधं, अपुरी झोप आणि परकी खोली यांमुळे गोंधळतो. डॉक्टर याला डिलिरियम म्हणतात. नर्सेस नुसतं 'बिलबूल' म्हणतात. हा गोंधळ साधारण ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत येतो आणि रात्री वाढतो. माणूस खाटेवरून उतरायला बघतो, सुई उपटतो, घरच्यांना ओळखत नाही. काही जण उलट अगदी गप्प होऊन पडून राहतात. तेही डिलिरियमच असू शकतं, पण शांत झोपलेत असं समजून कुणी लक्ष देत नाही. हे वेड नव्हे, आणि बहुतेकांचं ते उतरतं. पण त्याच्यामागे इन्फेक्शन, कमी ऑक्सिजन, तुंबलेली लघवी किंवा न सांगता येणारं दुखणं असू शकतं, म्हणून ते लगेच कळवायला हवं. अमेरिकेत येल इथे डॉ. शॅरन इनूये यांनी ७० वर्षांवरच्या ८५२ रुग्णांचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध केला. ते ऑपरेशनचे नव्हे, मेडिसिन वॉर्डातले रुग्ण होते. ज्यांच्याशी रोज बोललं गेलं, दिवस-वेळ सांगितली गेली, चष्मा आणि कानाचं यंत्र दिलं गेलं, चालवलं गेलं, रात्री शांत झोपू दिलं, त्यांच्यात डिलिरियम ९.९ टक्के होतं. नेहमीच्या देखभालीत ते १५ टक्के होतं. यातली अर्धी कामं घरचं माणूस करू शकतं, आणि आपल्या भाषेत जास्त चांगली करू शकतं.

आता पाळ्यांबद्दल. हृदयाचं किंवा पोटाचं मोठं ऑपरेशन असेल तर पहिली रात्र बहुधा रिकव्हरीत किंवा तिपुल निमरात्सला, म्हणजे आय.सी.यू.त जाते. तिथे रात्री घरच्यांना सहसा बसू देत नाहीत. त्या रात्री बाहेरच्या बाकावर बसून स्वतःला दमवू नका. फोन नंबर नर्सकडे द्या आणि घरी जाऊन झोपा. तुमची खरी गरज वॉर्डात आणल्यावरच्या दोन-तीन रात्रींना आहे. आपलं सगळ्यात खंबीर माणूस त्या रात्रींसाठी राखून ठेवा. कमीत कमी तीन माणसं ठरवा. एकच मुलगी चार रात्री बसली की पाचव्या दिवशी तीच आजारी पडते.

नवरा किंवा बायको यांनी रात्र करू नये, हे माझं स्पष्ट मत आहे. खुर्चीवर रात्रभर बसून त्यांचीच कंबर धरते, ब्लड प्रेशरची गोळी चुकते. नाना, तुम्ही दिवसा या, जेवण भरवा, गप्पा मारा. रात्र तरुणांना द्या.

पण तरुणांची अडचण वेगळी. नातवंडांना हिब्रू फर्डी येते, मराठी येत नाही. आजी रात्री "पाठीखाली घाम आलाय, उशी काढ" म्हणाली तर नातू बघत राहतो. यावर एक साधा उपाय आम्ही केला. नातू खाटेजवळ आणि मावशी फोनवर. मावशीला आधीच सांगून ठेवायचं की तिने फोन उशाशी ठेवावा, रात्री कितीही वाजता उचलावा. नातवाने स्पीकर लावायचा, आजी बोलेल, मावशी सांगेल, नातू नर्सला समजावेल.

सोबत एक कागद न्या. त्यावर मोठ्या अक्षरांत काही वाक्यं हिब्रूत आणि शेजारी देवनागरीत लिहा म्हणजे रुग्ण स्वतः बोट ठेवू शकेल. कोएव ली (मला दुखतंय). काशे ली लिनशोम (श्वास घ्यायला त्रास होतोय). यश ली ब्खिला (मळमळतंय). यश ली सखरखोरेत (चक्कर येते). कार ली (थंडी वाजते). शेरुतीम (संडास). मायीम (पाणी). आणि सोबतीच्या माणसाने एक वाक्य पाठ करावं: "झे लो हा-मत्साव हा-रागील शेला", हिची नेहमीची स्थिती अशी नसते. पुरुष रुग्ण असेल तर शेवटी 'शेलो'. वय ऐंशी आहे म्हटल्यावर नवीन डॉक्टरला वाटू शकतं की बाई आधीपासूनच विसरभोळी असेल. परवापर्यंत ती स्वतः बाजारहाट करत होती हे तुम्हीच सांगायचं.

सोबतीचं माणूस नर्स नाही, हेही पक्कं लक्षात ठेवा. घरच्या गोळ्या हॉस्पिटलात आपल्या हाताने द्यायच्या नाहीत. यादी नर्सला द्यायची. पाणी किंवा चहा विचारल्याशिवाय पाजायचा नाही, आजी कितीही रडली तरी. रुग्णाला एकट्याने उठवायचं नाही, बेल दाबायची. दुखण्याच्या औषधाचा पंप असेल, ज्याचं बटण रुग्णाच्या हातात देतात, तर ते बटण दुसऱ्या कुणीही दाबायचं नाही. ही गोष्ट मायेपोटी चुकते. आई झोपेत कण्हतेय म्हणून लेक बटण दाबते. रुग्णाला जास्त गुंगी आली की तो स्वतः दाबू शकत नाही, आणि तीच त्या पंपाची सुरक्षा आहे. लेकीने दाबलं तर औषध जास्त जाऊन श्वास मंदावू शकतो.

तुमचं काम बघणं, ऐकणं आणि लिहिणं. एक छोटी वही ठेवा. किती वाजता दुखलं, कधी लघवी झाली, काय खाल्लं, कधी गोंधळली. रात्रीच्या माणसाने शक्य तर सकाळचा डॉक्टरांचा राऊंड होईपर्यंत थांबावं. रात्री काय झालं ते त्यालाच माहीत असतं, आणि सात वाजता पळालं की ती माहिती त्याच्याबरोबर बसमधून घरी जाते. बॅगेत शाल (एसी फार गार असतो), चार्जर, स्वतःच्या गोळ्या, रुग्णाचा चष्मा, कवळीची डबी, कानाच्या यंत्राच्या जादा बॅटऱ्या.

शुक्रवारची रात्र वेगळी ठरवावी लागते. बहुतेक गावांत दुपारनंतर बस बंद, तेव्हा जो शुक्रवारी जाईल तो मोत्सेई शब्बाथपर्यंत तिथेच. त्याचं जेवण बरोबर द्या. वॉर्डात ऑक्सिजन असतो, मेणबत्ती किंवा तेलाचा दिवा लावायचा नाही. बेल दाबणं, रुग्णासाठी फोन करणं याबद्दल मनात शंका असेल तर आधीच आपल्या रब्बींना विचारून मोकळे व्हा. रात्री दोन वाजता तो विचार करत बसू नका.

घरचं कुणीच नसेल तर? ऑपरेशनआधी वॉर्डातल्या किंवा कुपाच्या ओवेदेत सोत्सियालीतला, म्हणजे समाजसेविकेला, स्पष्ट सांगा की मी एकटी आहे. लाजू नका. एझेर मित्सियोनसारख्या संस्थेचे स्वयंसेवक हॉस्पिटलात मदत करतात, त्यांना आधीपासून विचारा. आपल्या सिनेगॉगच्या मंडळीतही एखादी रात्र बसणारं माणूस निघतं, मात्र विचारावं लागतं. पैसे देऊन माणूस ठेवायचं असेल तर तास, प्रवास, शब्बाथचा दर हे आधी कागदावर घ्या. साप्ताहिक सुट्टीच्या कामाला कायद्याने दीडपट पगार आहे. घरी मेतापेलेत असेल तर बितुआख लेउमी आणि सिऊदच्या कंपनीला दाखल होण्याआधी कळवा आणि त्या दिवसांचे तास कसे धरणार ते विचारा. भारतातून आलेल्या मेतापेलेतशी आपली आजी हिंदीत बोलू शकते, हा मोठा फायदा. पण दिवसभर राबलेल्या बाईला रात्रभर जागवू नका. तीही माणूस आहे.

नोकरी करणाऱ्या मुलांसाठी: १९९३ च्या कायद्याप्रमाणे ६५ वर्षांवरच्या, दुसऱ्याच्या मदतीवर पूर्ण अवलंबून असलेल्या आईवडिलांच्या आजारपणात वर्षाला ६ दिवसांपर्यंत स्वतःच्या आजारपणाच्या रजेतून घेता येतात. कागदपत्रं काय लागतात ते ऑफिसात विचारा.

आणखी एक, रात्री बसणारा माणूस निर्णय घेणारा नसतो. १९९६ च्या रुग्णहक्क कायद्याप्रमाणे रुग्ण आपल्या वतीने संमती देणारा प्रतिनिधी लेखी नेमू शकतो. ते ऑपरेशनआधी, डोकं शांत असताना करून ठेवा, आणि कुणाला माहिती द्यायची ते वॉर्डात सांगा.

घरी सोडल्यावर पाळी लगेच मोडू नका. घरातली पहिली रात्रही जोखमीची. बेल नाही, नर्स नाही, संडासापर्यंत अंधार. दिवा चालू ठेवा, सतरंजी गुंडाळून बाजूला करा. वॉकर, उंच संडास-सीट, चाकाची खुर्ची याद साराहकडून अनामत ठेवून मिळते. १९७६ पासून ही संस्था चालू आहे. घरी सोडायच्या आदल्या दिवशीच कुणाला तरी पाठवून वस्तू आणा, आणि अनामतीची पावती रुग्णाच्या फाईलमध्येच ठेवा. परत करताना ती शोधत बसायला नको.