एका नकाराचा इतिहास : गोपीनाथ बोरदोलोई

स्वातंत्र्यपूर्व वाटाघाटींचे वृत्तान्त बहुधा दिल्ली, सिमला आणि लंडन या तीन ठिकाणांभोवतीच फिरत राहतात. प्रांतांच्या वाट्याला त्यात केवळ साक्षीदाराची भूमिका येते. गोपीनाथ बोरदोलोई यांचे चरित्र या मांडणीत बसत नाही.

नगाव जिल्ह्यातील रहा येथे १८९० साली जन्मलेले बोरदोलोई कलकत्ता विद्यापीठातून १९१४ मध्ये इतिहासात एम. ए. झाले आणि १९१७ पासून गुवाहाटीत वकिली करू लागले. असहकाराच्या चळवळीत वर्षभराचा कारावास, पुढे वकिली आणि नगरपालिकेचे अध्यक्षपद : येथवरचा क्रम त्या पिढीतील अनेक सुशिक्षित कार्यकर्त्यांसारखाच आहे. सप्टेंबर १९३८ मध्ये सर मुहम्मद सादुल्ला यांचे मंत्रिमंडळ कोसळले, तेव्हा विधानसभेत काँग्रेसला बहुमत नव्हते. तरीही मौलाना आझादांचा विरोध आणि काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांचा पाठिंबा अशा परिस्थितीत बोरदोलोईंनी संयुक्त मंत्रिमंडळ बनविले. ते वर्षभरच टिकले. महायुद्धाच्या प्रश्नावर नोव्हेंबर १९३९ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि त्यानंतरची बरीच वर्षे तुरुंगात गेली.

फेब्रुवारी १९४६ मध्ये ते पुन्हा प्रांताचे पंतप्रधान झाले. त्यानंतर तीनच महिन्यांनी, १६ मे रोजी, ब्रिटिश त्रिमंत्री मंडळाची योजना जाहीर झाली. तिच्यात आसामला बंगालबरोबर ‘क’ विभागात घातले होते. या विभागाच्या ७० प्रतिनिधींपैकी ३६ मुस्लिम आणि ३४ सर्वसाधारण गटातील. त्यांत आसामचे एकूण अवघे १०. नव्या राज्यघटनेनुसार पहिली निवडणूक झाल्यावर प्रांताला गटाबाहेर पडता येईल, अशी तरतूद योजनेत होती. परंतु प्रांताची घटना लिहिणारेच मतदारसंघ आणि मताधिकार ठरविणार असतील, तर बाहेर पडण्याची वाट आधीच बुजविता येते, हा बोरदोलोईंचा आक्षेप होता. वकिलाच्या नजरेनेच तो दिसू शकत होता, आणि तो बिनतोड होता.

१६ जुलै १९४६ रोजी आसाम विधानसभेने आपल्या १० प्रतिनिधींना ठराव करून बजावले : आसामची घटना ठरविण्यासाठी अन्य प्रांताबरोबर विभागात बसू नये. हा नकार लीग आणि ब्रिटिश सरकार यांच्याइतकाच काँग्रेसश्रेष्ठींनाही अडचणीचा होता, कारण लीगला घटनासमितीत आणण्याची आशा त्यांनी सोडलेली नव्हती. डिसेंबरात विजयचंद्र भगवती आणि महेंद्रमोहन चौधरी हे बोरदोलोईंचे दूत नोआखालीतील श्रीरामपूर येथे गांधीजींना भेटले. विभागात बसू नका, प्रसंगी काँग्रेसच्याही विरोधात जाऊन आसामने आपले मत राखावे, असा स्पष्ट सल्ला त्यांना मिळाला. ६ जानेवारी १९४७ रोजी अखिल भारतीय काँग्रेस समितीने विभागांविषयीचा ब्रिटिश अर्थ स्वीकारला खरा, पण कोणत्याही प्रांतावर सक्ती होता कामा नये, ही पुस्ती जोडूनच. ३ जूनच्या फाळणी योजनेने हा वादच संपविला.

बोरदोलोईंची खरी कसोटी त्यानंतर लागली. मोठ्या बहुमताने लहान समाजाचे भवितव्य ठरवू नये, हे तत्त्व आसाममधील डोंगराळ प्रदेशांनाही लागू होत होते, आणि तेथे बहुमत आसामी सखल प्रदेशाचे होते. घटनासमितीच्या ईशान्य सीमेवरील आदिवासी प्रदेशांविषयीच्या उपसमितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. खासी नेते जे. जे. एम. निकल्स-रॉय, बोडो समाजातील रूपनाथ ब्रह्म आणि ठक्करबाप्पा हे सदस्यांपैकी होते. जमीन, जंगल, फिरती शेती, वारसा आणि रूढी यांविषयी कायदे करणाऱ्या स्वायत्त जिल्हा परिषदांची शिफारस या उपसमितीने केली. राज्यघटनेची सहावी अनुसूची त्यातून आली. सप्टेंबर १९४९ मधील चर्चेत तिच्यावर टीका करणाऱ्यांत आसामचेच काही प्रतिनिधी होते. या परिषदांनी डोंगराळ लोक कायमचे दुरावतील, अशी भीती त्यांना वाटत होती. डॉ. आंबेडकरांनी अनुसूचीचे समर्थन करताना या जमातींचा जीवनक्रम आणि कायदे अद्याप स्वतंत्र असल्याकडे लक्ष वेधले. स्वतःच्या प्रांताचे अधिकार कमी करणारी योजना प्रांताच्याच प्रमुखाने पुढे आणावी, हे दृश्य त्या काळातही विरळाच होते.

सिल्हेटच्या बाबतीत मात्र हे औदार्य आढळत नाही. जुलै १९४७ च्या सार्वमतानंतर तो बंगालीभाषक जिल्हा, करीमगंजचा भाग वगळता, पाकिस्तानात गेला. तेथील हिंदूंना आसामी नेतृत्वाने आपल्याला राखण्यासाठी मनापासून प्रयत्न केला नाही असे वाटले, आणि ती भावना निराधार म्हणता येत नाही. निर्वासितांना जमीन देण्यावरून नेहरूंशीही बोरदोलोईंचे खटके उडाले. भूमिपुत्रांच्या जमिनीची चिंता खरी होती. परंतु उखडून आलेल्यांची निकडही तितकीच खरी होती.

विद्यापीठ आणि उच्च न्यायालय या आसामच्या दोन जुन्या मागण्या १९४८ मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत पूर्ण झाल्या. ५ ऑगस्ट १९५० रोजी मुख्यमंत्रिपदावर असतानाच त्यांचे निधन झाले. १९९९ मध्ये त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले. दरम्यान नागा नेत्यांनी सहावी अनुसूची नाकारली होती. १९६० मध्ये आसामीला राजभाषा करणारा कायदा झाल्यावर डोंगराळ प्रदेशातील असंतोष वाढला आणि १९७२ मध्ये मेघालय वेगळे राज्य झाले. त्याच अनुसूचीत दुरुस्ती करून २००३ मध्ये बोडोलँड प्रादेशिक परिषद स्थापन झाली. ती मात्र डोंगरात नव्हे, ब्रह्मपुत्रेच्या सखल खोऱ्यात, रूपनाथ ब्रह्म यांच्या मुलखात.