महाराणी जिंद कौर आणि सरकारची तक्रार

नाशिकच्या पंचवटीत, गोदावरीच्या काठी, एके काळी पंजाबच्या एका महाराणीची लहानशी समाधी होती. लाहोरची राणी गोदातीरी कशी आली, याचे उत्तर कंपनी सरकारच्या परराष्ट्र खात्याच्या व्यवहारात सापडते. त्या खात्याचे दप्तर पुढे कलकत्त्याहून दिल्लीस आले आणि आज तेथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. राज्ये कशी बुडाली हे तर या इतिहासात दिसतेच. पण एक निराळीच गोष्टही दिसते. एका मुलाला त्याची आई भेटते, ही येथे सरकारची तक्रार आहे.

रणजितसिंह 1839 साली वारले. 1843 साली त्यांचा पाच वर्षांचा मुलगा दुलीपसिंह गादीवर बसला आणि त्याच्या वतीने त्याची आई जिंद कौर कारभार पाहू लागली. पहिल्या शीख युद्धानंतर, डिसेंबर 1846 मध्ये झालेल्या भैरोवालच्या तहाने तो कारभार इंग्रज रेसिडेंटाच्या देखरेखीखाली गेला आणि महाराणींना वर्षाला दीड लाख रुपयांची नेमणूक देऊन बाजूला सारण्यात आले. पुढे तक्रारी सुरू झाल्या. महाराणी सरदारांना फार भेटतात, त्यांनी राजपूत राण्यांप्रमाणे पडद्यात राहावे, असे रेसिडेंट हेन्री लॉरेन्स यांचे म्हणणे. ऑगस्ट 1847 मध्ये सरदार तेजसिंहाला राजा हा किताब देण्याचा समारंभ झाला. त्याच्या कपाळी टिळा लावण्याची वेळ आली, तेव्हा बाल महाराजाने हात मागे घेतला. आठ वर्षांच्या मुलाचा हा हट्ट आईनेच शिकवला, असा निष्कर्ष निघाला आणि आई-मुलाच्या ताटातुटीस निमित्त मिळाले.

त्याच महिन्यात गव्हर्नर जनरल हार्डिंज यांच्या नावाने जाहीरनामा निघाला. बाल महाराजाच्या शिक्षणाची व संगोपनाची आपणास पित्याप्रमाणे काळजी वाटते, आणि म्हणूनच त्याला आईपासून वेगळे करणे अवश्य आहे, असा त्याचा आशय. मुलाला शालिमार बागेत नेले आणि महाराणींची रवानगी शेखुपुऱ्यास झाली. नेमणूक 48 हजारांवर आली. तेथून त्यांनी रेसिडेंटास पत्रे लिहिली. ज्या मुलाला बाप नाही, भाऊ नाही, चुलता नाही, त्याला कोणाच्या हवाली केले, हा त्यांचा प्रश्न होता. त्याला उत्तर मिळाले नाही.

मराठी श्रोत्यांस येथे येसूबाईंची आठवण होईल. 1689 साली रायगड पडला, तेव्हा त्या व बाल शाहू मोगलांच्या कैदेत गेले. पुढे 1707 मध्ये शाहू सुटला, पण येसूबाईंना 1719 पर्यंत ओलीस राहावे लागले, तेही शेवटी दिल्लीस. पण औरंगजेबाच्या छावणीत अठरा वर्षे मायलेक एकत्र होते, आणि मोगलांनी ओलिसाला ओलीसच म्हटले. लाहोरला मात्र कैदेला संगोपन हे नाव मिळाले.

मे 1848 मध्ये महाराणींना काशीस हलविले, पुढे चुनारच्या किल्ल्यात ठेवले. एप्रिल 1849 मध्ये त्या दासीच्या वेषात तेथून निसटून नेपाळात पोहोचल्या. त्याच्या थोडेच आधी पंजाब खालसा झाला होता. मुलाचा सांभाळ डॉक्टर जॉन लॉगिन यांच्याकडे गेला. लॉगिन दांपत्याने त्याला मायेने वाढविले, हे नाकारता येत नाही. फत्तेगडास असता 1853 साली मुलाचा बाप्तिस्मा झाला, आणि पुढच्या वर्षी तो इंग्लंडला गेला.

जानेवारी 1861 मध्ये कलकत्त्याच्या स्पेन्सेस हॉटेलात मायलेकांची भेट झाली. महाराणींची दृष्टी तोवर जवळजवळ गेली होती, आणि आता त्यांच्यापासून भय नाही असे वाटल्यामुळेच सरकारने परवानगी दिली होती. त्या मुलासोबत लंडनला गेल्या. तेथे तक्रारींचा पाढा पुन्हा सुरू झाला: आईचा प्रभाव महाराजावर पडत आहे, त्यांनी वेगळे राहावे. दुलीपसिंह आता बावीस-तेवीस वर्षांचा होता. आईकडून त्याला पंजाबातील घराण्याच्या खासगी मालमत्तेची माहिती कळली आणि तो तिच्याविषयी बोलू लागला. तेव्हा तक्रार खोटी नव्हती. फक्त ती ज्या हिताची म्हणून मांडली जात होती, ते हित मुलाचे नव्हते. महाराणींचे बिऱ्हाड केन्सिंग्टनमध्ये वेगळे झाले.

तेथेच 1 ऑगस्ट 1863 रोजी त्या वारल्या. आपले दहन लाहोरला व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. दुसऱ्या वर्षी मुलाने देह मुंबईस आणला. पंजाबात नेण्याची मुभा मात्र मिळाली नाही. म्हणून गोदावरीच्या काठी ती समाधी उभी राहिली. 1886 मध्ये दुलीपसिंह हिंदुस्थानाकडे निघाला असता त्याला एडनला अडविण्यात आले, आणि तेथे तो पुन्हा शीख धर्मात आला. 1893 साली पॅरिसमध्ये त्याचा अंत झाला व इंग्लंडमधील एल्व्हेडन येथे दफन झाले. 1924 मध्ये त्याची मुलगी बांबा हिने आजीच्या अस्थी लाहोरला नेऊन रणजितसिंहांच्या समाधीत ठेवल्या.