हाकेला ओ देणाऱ्याचा मोबदला : बुलढाणा जिल्हा, वार्धक्य आणि मदतीचे बटण

१/ रात्री घरात एकटी असलेली वृद्ध व्यक्ती पडली, तर तिची हाक कोणी ऐकायची? आणि ऐकण्यासाठी जागे राहणाऱ्याला मोबदला कोणी द्यायचा? गळ्यात अडकवण्याच्या आपत्कालीन बटणाला सरकारी अर्थसाहाय्य मिळते का, या आजच्या चौकशीमागे हा जुनाच प्रश्न आहे. बुलढाणा जिल्ह्यातील त्याचा हा मागोवा.

२/ १८५३ च्या तहाने निजामाचे वऱ्हाड ब्रिटिशांच्या कारभाराखाली आले. त्या काळच्या वऱ्हाडी गावात पाटील आणि पटवारी यांच्या हाताखाली जागल्या असे. रात्रीची गस्त, परक्या माणसावर नजर आणि गुन्ह्याची वर्दी ही त्याची कामे. गाव झोपले असता जागे राहणे हीच त्याची नोकरी.

३/ ही नोकरी फुकट नव्हती. जागल्यांच्या मोबदल्यासाठी वऱ्हाडात जमीनमहसुलाबरोबर जागल्या उपकर वसूल केला जाई. हे काम बहुधा खालच्या मानलेल्या जातींकडे वंशपरंपरेने येई, त्यामुळे त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. मात्र जागे राहणाऱ्याचा खर्च सर्वांनी मिळून उचलायचा, हे तत्त्व तिच्यात होते.

४/ वृद्धांना सरकारी मदत मिळण्याची पहिली मोठी वेळ दुष्काळात आली. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर प्रांतोप्रांती दुष्काळ संहिता तयार झाल्या. खडी फोडण्याचे काम ज्यांच्याने होणार नाही, अशा वृद्ध व अपंगांची गावनिहाय यादी करून त्यांना विनाश्रम मदत देण्याची तरतूद त्यांत होती. १८९९–१९०० च्या भीषण दुष्काळात वऱ्हाडानेही अशी मदत पाहिली. दुष्काळ सरला की यादीही मिटे.

५/ स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदात वार्धक्य, आजारपण आणि विकलांगता यांत सार्वजनिक साहाय्य मिळण्याचा उल्लेख आला. मार्गदर्शक तत्त्व असल्याने त्यासाठी न्यायालयात दाद मागता येत नव्हती. तरीही वृद्धाला मिळणारी मदत दुष्काळाच्या वर्षापुरती उरली नाही. निदान कागदावर ती कायमची झाली.

६/ महाराष्ट्रात या कागदाला पैशाचे रूप १९८० मध्ये संजय गांधी निराधार अनुदान योजनेने दिले. पुढे ६५ वर्षांवरील निराधारांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आली. मेहकर असो वा मोताळा, तहसील कार्यालयातील ‘संजय गांधी शाखा’ हा वृद्धांच्या तोंडी रुळलेला पत्ता झाला.

७/ केंद्राने १५ ऑगस्ट १९९५ रोजी राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम सुरू केला, तेव्हा वृद्धाच्या वाट्याला महिना ७५ रुपये येत. महाराष्ट्रात श्रावणबाळचे मानधन ६०० रुपयांवरून २०१९ मध्ये १,००० आणि २०२३ मध्ये १,५०० रुपये झाले. मात्र पात्रतेसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये.

८/ मदत प्रथम धान्य आणि मजुरीच्या मापात मोजली गेली, नंतर रोख रकमेत. दोन्ही वेळा घरात कोणीतरी माणूस आहे असे गृहीत धरलेले होते. पुणे, मुंबई, सुरतेकडे कामासाठी गेलेल्या मुलांच्या घरांत हे गृहीतक आज टिकत नाही. पैसे येतात, रात्री उठून पाणी द्यायला कोणी नसते.

९/ हीच अडचण पाश्चात्त्य देशांत आधी आली. १९७० च्या दशकाच्या आरंभी जर्मनीत विल्हेल्म होर्मान यांनी घरगुती आपत्कालीन संपर्क यंत्रणा विकसित केली. अमेरिकेत बॉस्टन विद्यापीठातील वार्धक्यशास्त्राचे अभ्यासक अँड्र्यू डिब्नर यांनी १९७४ मध्ये ‘लाइफलाइन’ ही कंपनी उभी केली.

१०/ यंत्रणा साधी आहे. गळ्यात किंवा मनगटावर बटण, घरात दूरध्वनीला जोडलेली पेटी आणि दुसऱ्या टोकाला चोवीस तास बसलेला माणूस. बटण दाबले की तो बोलतो, उत्तर न आल्यास शेजाऱ्याला किंवा रुग्णवाहिकेला कळवतो. बटण एकदाच विकत घ्यावे लागते. दुसऱ्या टोकाच्या माणसाला दर महिन्याला पगार लागतो.

११/ म्हणूनच अर्थसाहाय्याचा खरा इतिहास मासिक शुल्काचा आहे. जर्मनीत १९९५ पासून सक्तीचा शुश्रूषा विमा लागू झाला. शुश्रूषेची गरज मान्य झालेल्या आणि अटींत बसणाऱ्या वृद्धास आज त्यातून या सेवेसाठी दरमहा २५.५० युरोपर्यंत मिळतात. अमेरिकेत वृद्धांच्या मूळ मेडिकेअर विम्यात हा खर्च बसत नाही. मात्र गरिबांसाठीच्या मेडिकेडमधून अनेक राज्ये तो उचलतात.

१२/ भारताने वेगळी वाट धरली. एप्रिल २०१७ मध्ये आंध्र प्रदेशातील नेल्लोर येथे राष्ट्रीय वयोश्री योजनेचा आरंभ झाला. काठी, कुबड्या, वॉकर, चाकाची खुर्ची, श्रवणयंत्र, चष्मा, कवळी अशा वस्तू शिबिरांतून विनामूल्य देण्याची ही योजना. तिचा पैसा ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीतून येतो. हा निधी बेवारस ठेवींतून उभा राहिला आहे.

१३/ महाराष्ट्राने ६ फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. वय ६५ पूर्ण, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत आणि बँक खाते आधारशी जोडलेले असल्यास ३,००० रुपये एकदाच थेट खात्यात. अर्ज जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांकडे. खरेदीची पावती देणे बंधनकारक.

१४/ शासन निर्णयात नावानिशी आलेल्या वस्तूंत चष्मा, श्रवणयंत्र, ट्रायपॉड, वॉकर, कमोड खुर्ची, गुडघ्याचा पट्टा, कंबरेचा पट्टा, मानेचा पट्टा आहेत. मदतीचे बटण नाही. समजा, ते मान्य झाले, तरी ३,००० रुपये म्हणजे एका वर्षाचे महिना २५० रुपये. दुसऱ्या वर्षी हाक कोण ऐकणार, याला योजनेत उत्तर नाही.

१५/ दुसऱ्या टोकाची काही व्यवस्था मात्र सरकारी खर्चाने उभी आहे. २०१४ मध्ये महाराष्ट्रात डॉक्टरसह येणारी १०८ रुग्णवाहिका सेवा ९३७ वाहनांनिशी सुरू झाली. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना आयुष्मान भारतमध्ये वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचारांचे संरक्षण मिळाले. ते रुग्णालयात दाखल झाल्यावर लागू होते. पडल्या जागेपासून फोनपर्यंतचे अंतर ज्याचे त्याने कापायचे.

१६/ ते अंतर कमी करणारा एक नियम फारसा कोणाला ठाऊक नाही. २०१६ च्या नियमांनी १ जानेवारी २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाईलमध्ये आपत्कालीन बटण सक्तीचे केले. साध्या फोनवर ५ किंवा ९ हा अंक दाबून धरायचा. स्मार्टफोनवर पॉवरचे बटण लागोपाठ तीनदा दाबायचे. ११२ ला हाक जावी, हा त्यामागचा हेतू. घरातील फोनवर ही सोय चालू आहे का, हे आधी तपासून ठेवावे.

१७/ केरळ पोलिसांनी ‘बेल ऑफ फेथ’ या उपक्रमात आणखी साधा मार्ग काढला. एकट्या वृद्धाने रिमोटचे बटण दाबले की मोठ्याने घंटा वाजते आणि शेजारी धावून येतात. इथे मासिक शुल्क नाही, कारण दुसऱ्या टोकाला शेजार आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी संग्रामपूर, जळगाव जामोदच्या खेड्यांत रुग्णवाहिकेपेक्षा शेजारीच आधी पोहोचणार.

१८/ अशा घंटेसाठी पैसा गावातही शोधता येतो. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणावर खर्च करायची असते. अनेक वृद्धांना पक्षाघात, दृष्टिदोष किंवा श्रवणदोष असतो. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असल्यास या निधीतून साहाय्याची मागणी ग्रामसभेत मांडता येते.

१९/ जागल्या उपकराचा काळ परत आणण्याजोगा नाही. त्याने सांगितलेला हिशेब मात्र आजही तोच आहे. वस्तू एकदाच घेता येते, जागरण रोजचे असते. जर्मनीने जागरणाचा खर्च विम्यात घातला. महाराष्ट्राने अजून वस्तूचाच घातला आहे. पुढची वयोश्री योजना लिहिताना यादीत एक वस्तू वाढवणे सोपे आहे. हाकेला ओ देणाऱ्याचा मोबदला लिहिणे हे खरे काम.